खर्जाचा डबा

बीड जिल्ह्यात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची होती, रेल्वेची होती. बीड शहरातून पहिली गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. आवाज मात्र आमच्याकडं पहिल्यापासून मुबलक. जयंती, वरात, विसर्जन, साहेबांचा वाढदिवस, साहेबांच्या चिरंजीवांचा वाढदिवस, आणि यातलं काहीच नसलं तर सोसायटीच्या चेअरमनची निवड. ट्रकवर खोक्यांची भिंत चढते, जनरेटर सुरू होतो, आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या बरगड्यांना निरोप पोहोचतो की कोणीतरी आलेलं आहे. कोण आलं होतं, ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं.

थंडी पडली की ट्रॅक्टर सुरू होतात. माजलगावच्या रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ते रात्रभर कारखान्याकडं निघालेले असतात आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टेप ठणाणत असतो. त्याच्या पोटात बऱ्याचदा एलए ४४४० नावाची आयसी असते. मूळची सॅन्योची, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, दोन्ही बाजू जोडून वापरली तर १९ वॅट देणारी. धूळ, ऊन, खड्डे यांना ती दाद देत नाही. पोलीस दर हंगामात समज देतात की बाबांनो, आवाज कमी ठेवा, मागच्या गाडीचा हॉर्न तुम्हाला ऐकू येत नाही. ड्रायव्हरला तेही ऐकू येत नाही. पण रात्री दोन वाजता डोळा लागू नये म्हणून लावलेल्या त्या गाण्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्या जिल्ह्याचा निम्मा संसार ऊसतोडीवर चालतो, आणि त्या संसाराला जागं ठेवायचं काम ही चाळीस-पन्नास रुपयांची आयसी करते.

एकूण काय, बेस हा विषय आमच्याकडं कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेंबडं पोरगंही माझ्या दिवाणखान्यातले दोन स्पीकर ऐकून सांगतं, "सर, आवाज भारीये, पण बेस न्हाई." मी शाळेत गणित शिकवत होतो, त्यामुळं पोरांनी सांगितलेलं उत्तर बरोबर असलं तरी लगेच मान्य करायचं नाही, ही सवय जुनी आहे. पण पोरगं बरोबर होतं. पाच इंची वूफरचे ते छोटे स्पीकर ७०-८० हर्ट्झपर्यंत मन लावून काम करायचे आणि त्याखाली हात जोडायचे.

मला त्याची खंत वाटायचं कारण डीजे नव्हतं, पखवाज होता. अंबाजोगाईचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर हे आमच्या जिल्ह्यातलं पखवाजाचं मोठं नाव. वारकरी भजनात वाढलेलं हे वाद्य त्यांनी शास्त्रीय संगीताच्या मंचावर मानानं बसवलं. आमच्याकडं गावोगाव सप्ते, गावोगाव कीर्तनं, त्यामुळं पखवाज कानाला लहानपणापासून ओळखीचा. तोही बहुतेक वेळा भोंग्यातून ऐकलेला. भोंगा दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही बोलत नाही. म्हणजे पखवाजाची उजवी बाजू गावभर जायची आणि डावी, खर्जाची बाजू मंडपातच राहायची. तरीही आम्हाला डावा हात ऐकू आल्यासारखा वाटायचा, कारण वरचे स्वर शाबूत असले तर खालचा मूळ स्वर मेंदू आपल्या पदरचा भरतो. परभणी आकाशवाणीवरचं भजन आम्ही मुठीएवढ्या ट्रान्झिस्टरवर असंच ऐकलं. अर्धा पखवाज स्टेशन पाठवायचं, अर्धा आम्ही घरचा घालायचो.

या वयात निदान एकदा तरी सगळा पखवाज बाहेरून यावा, आपल्याला काही भर घालावी लागू नये, असं वाटलं आणि मी सबवूफर बांधायला घेतला. विकत का घेतला नाही, असं विचारणारे लोक बीडमध्ये कमी नाहीत. त्यातली एक व्यक्ती घरातच आहे.

खालचे स्वर काढणं महाग का पडतं, हे आधी सांगतो. आवाज तेवढाच मोठा ठेवून ८० हर्ट्झवरून ४० वर उतरायचं, तर स्पीकरला चौपट हवा ढकलावी लागते. २० वर उतरायचं, तर सोळापट. बोअर घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: पहिल्या दोनशे फुटांचा दर वेगळा आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा, आणि तळाला काय लागेल याची हमी गाडीवाला देत नाही. म्हणून सबचा पडदा, म्हणजे कोन, मोठा लागतो, मॅग्नेट जड लागतं, अ‍ॅम्प स्वतंत्र लागतो आणि डबा हिशोबानं बांधावा लागतो.

बाजारात अ‍ॅम्पचा बोर्ड घ्यायला गेलो, तर काउंटरवरच्या पोरानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "मंडळ कोणतं?" मी म्हणालो, घरासाठी हवाय. त्याचा माझ्यातला रस तिथंच ओसरला. तरी पोरगं हुशार. ट्रान्झिस्टरची नावं त्याला घरच्या माणसांसारखी पाठ. बावन्नशे आणि एकोणीसशे त्रेचाळीस, ही तोशिबाची जोडी आज प्रत्येक डीजेच्या पोटात असते. आमच्या उमेदीत तोच मान २एन३०५५ ला होता. "पंधरा इंची घ्या सर, छातीत घुसतो," असं त्यानं शेवटचं सांगून पाहिलं. माझ्या छातीत दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक स्टेंट घातलेला आहे, आणखी काही घुसवायची इच्छा नव्हती. मी शंभर वॅटचा साधा बोर्ड घेतला, सोबत खालचे स्वर वेगळे काढणारा फिल्टर. दहा इंची स्पीकर पुण्याहून, तपकीर गल्लीतून आणला.

आता या स्पीकरला डबा केवढा लागेल? पूर्वी हा अंदाजाचा मामला होता. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी डबा पूर्ण बंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं, आणि कपाटाएवढ्या स्पीकरचं काम पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या स्पीकरकडून करून घेतलं. पुढं १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी भोकाच्या डब्याचं गणित मांडलं. त्याकडं दहा वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. १९७१ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं, रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढं नेलं, आणि तेव्हापासून जगभरचे डबे त्या दोघांच्या आकड्यांवर बांधले जातात. गणिताच्या मास्तराला याहून दिलासा देणारी कथा नाही. उत्तर बरोबर होतं, तपासणारा उशिरा आला.

या गणिताला लागणारा एक आकडा म्हणजे हलणाऱ्या कोनाचं वजन. कोन काढून काट्यावर ठेवता येत नाही, म्हणून एक युक्ती आहे. स्पीकर मोकळा ठेवून तो कोणत्या स्वराला सगळ्यात जास्त डोलतो ते मोजायचं. मग कोनाला ठरावीक वजन चिकटवून पुन्हा मोजायचं. स्वर किती उतरला, त्यावरून कोनाचं वजन निघतं. चिकटवायचं काय? मी स्वयंपाकघरात गेलो. पोळ्यांसाठी कणीक भिजवलेली होती. काट्यावर ४० ग्रॅम तोलून घेतली, तिची वळी केली आणि कोनाच्या मधल्या टोपीभोवती गोल लावली. ३२ हर्ट्झला डोलणारा कोन २७ वर उतरला. म्हणजे त्याचं स्वतःचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास.

"अहो, त्याला कशाला पोळी खाऊ घालताय?" असं दारातून विचारलं गेलं, तेव्हा माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. पखवाजवाला बैठकीआधी काय करतो? डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो. थाप मारतो, ऐकतो, चिमूटभर काढतो, चिमूटभर लावतो. कातडं जड झालं की स्वर खाली उतरतो. थील आणि स्मॉल यांचं सूत्र त्याच्या बोटांना ठाऊक असतं, फक्त तो वर्गमूळ काढत बसत नाही. तबल्या-मृदंगाच्या पुडीवर शाईचा लेप नेमका बसला की ताल-वाद्यातून सुरेल स्वर कसे निघतात, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता. मीही माझ्या परीनं या परंपरेत बसलो होतो, हाताला पीठ लागलेलं होतं आणि समोर कॅलक्युलेटर होता.

गणितानं सांगितलं, ४५ लिटर हवा. आमच्याकडं लिटरचा हिशोब पाण्यावरून चटकन कळतो: तीन घागरी. त्या डब्याचा श्वास ३० हर्ट्झला जुळवायचा, तर ७५ मिलिमीटरचा पाईप आणि त्याची लांबी पाऊण फुटाच्या आसपास. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ज्या कारणानं घुमते, त्याच कारणानं हा डबा घुमतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी ते सविस्तर मांडून ठेवलं आहे. पाईपचा तुकडा बोअरच्या कामातून उरलेला घरात होताच. बीड जिल्ह्यात पीव्हीसी पाईपचा तुकडा नाही, असं घर दाखवा.

मग सुतार आला. मी कागदावर काढलेला सोळा इंची चौकोन त्यानं उलटासुलटा करून पाहिला.

"कप्पे किती टाकायचे, सर?"

"कप्पे नाहीत."

"दार?"

"दारही नाही."

"मग सामान ठिवायचं कुठून?"

"सामान नाही ठेवायचं. हवा ठेवायची."

त्यानं हातातली पेन्सिल परत कानावर खोचली. माणूस जुना, त्यानं माझ्या घरातलं देवघरापासून माळ्यापर्यंत सगळं केलेलं. थोडा वेळ थांबून त्यानं शांतपणे विचारलं, "हवा ठिवायला अठरा एमएमचा प्लाय कामून?" मी समजावलं, की डब्याच्या भिंती थरथरल्या तर त्यांचाच आवाज ऐकू येतो, म्हणून प्लाय जाड हवा, आत आडवी पट्टी हवी, आणि सांध्यातून जरासुद्धा हवा निसटता कामा नये. हे त्याला एकदम पटलं. पटलं म्हणजे इतकं पटलं, की पाईपसाठी भोक पाडायचं आहे, हे कळल्यावर तो दुखावला. "एवढं सगळं गच्च करायचं, आन् मग वरून भसका पाडायचा?" पण काम नामी केलं. अंधार पडल्यावर डब्यात मोबाइलची बॅटरी लावून ठेवली आणि चारी बाजूंनी वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून त्यानं ती बुजवली, वरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता तुमची हवा कुठं जात न्हाई."

डबा तयार झाला, जोडला, आणि पहिला स्वर निघाला तो पखवाजाचा नव्हता, महावितरणचा होता. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. छोट्या स्पीकरना तो स्वर झेपत नव्हता म्हणून आजवर कळलं नव्हतं. सबनं तो प्रामाणिकपणे वाजवून दाखवला. दोन उपकरणं दोन वेगळ्या बोर्डांवर लावली, की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि तो फरक सिग्नलच्या वायरीतून वाट काढतो. काही बहाद्दर प्लगची अर्थिंगची पिनच कापतात. तसलं काही करू नये, जिवाशी गाठ असते. दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्डावर घेतले की बहुतेक घुमघुम थांबते. उरलेली अर्थिंगच्या खड्ड्यात असते. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला असतो, उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, आणि मे महिन्यात तिथं पाणी ओतावं लागतं. आता बीडमध्ये मे महिन्यात, टँकरच्या रांगेत भरलेली बादली, तुळशीला वळसा घालून घराच्या मागं नेऊन खड्ड्यात ओतायची, आणि कोणी विचारलं तर संगीतासाठी म्हणून सांगायचं. मी कपडे धुतलेलं पाणी वापरलं. विजेला ते चालतं आणि घरातही चाललं.

इथपर्यंतचं काम हाताचं. सबवूफर बांधणं सोपं आहे, असं मी आता ठामपणे म्हणतो. डबा कोणीही बांधेल. अवघड आहे ते त्याला घरात वागायला शिकवणं.

पहिला प्रश्न, ठेवायचा कुठं? ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते आणि माझा दिवाणखाना बारा फूट बाय दहा फूट. म्हणजे लाट खोलीत मावतच नाही, भिंतींवर आपटून स्वतःवरच परत येते. बारा फुटांच्या अंतरात ४६-४७ हर्ट्झचा स्वर अडकून फुगतो, दहा फुटांत ५६ च्या आसपासचा. एका खुर्चीवर बेस अंगावर येतो, शेजारच्या खुर्चीवर तो गायब. योग्य जागा शोधायची जगन्मान्य पद्धत अशी: सब उचलून आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, एकसारखा बेस असलेलं काहीतरी लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेनं रांगत फिरायचं. जिथं कान जमिनीजवळ असताना बेस भरीव आणि सारखा ऐकू येईल, ती सबची जागा. आवाज इथून तिथं जसा जातो, तसाच तिथून इथं येतो, या तत्त्वावर हे चालतं.

तत्त्व निर्दोष आहे. पण साठी उलटलेला माणूस लुंगी खोचून सोफ्याच्या मागून रांगत निघाला आहे, मधूनच थांबून कान टवकारतो आहे आणि त्याच्या खुर्चीवर एक चौकोनी डबा ऐटीत बसला आहे, हे दृश्य समजावून सांगायला तत्त्व पुरत नाही. नेमकी तेव्हाच शेजारच्या काकू हळदी-कुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. दारातच थबकल्या. आमच्या घरातून तत्परतेनं खुलासा झाला, "काही नाही, या तुम्ही. त्यांचं काहीतरी हरवलंय." काकूंनी माझ्याकडं जी नजर टाकली, तिच्यात कणव होती; काय हरवलं असेल, याबद्दल त्यांचा अंदाज पक्का झालेला दिसत होता.

जागा सापडली, ती देवघर आणि टीव्हीच्या मधल्या कोपऱ्यापासून हातभर अलीकडं. दुसरा प्रश्न, सबनं कुठपर्यंत बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं? साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या दिशेनं येतो ते कानाला कळत नाही, म्हणून सब कोपऱ्यात बसूनही पकडला जात नाही. पण फिल्टरची कळ वर नेऊन १२०-१५० वर ठेवली, की त्याचं बिंग फुटतं. पखवाजवाल्याचा उजवा हात समोर वाजतो आणि डावा देवघरातून. कळ खाली आणत आणत मी ७० च्या जरा वर थांबलो. तिथं दोन्ही हात एका माणसाचे झाले.

तिसरा प्रश्न फेजचा. ज्या पट्टीत स्पीकर आणि सब दोघंही बोलतात, तिथं एकाचा कोन पुढं येताना दुसऱ्याचा मागं गेला, तर दोघांचं काम एकमेकांना खोडून टाकतं. दोन धडधाकट यंत्रं, दोन्ही वीज खातायत, आणि मधला स्वरच बेपत्ता. यासाठी मागं एक बटण असतं, शून्य आणि एकशे ऐंशी. मी खुर्चीवर बसलो आणि हिला बटण इकडचं तिकडं करायला सांगितलं. मी डोळे मिटून गंभीरपणे ऐकत होतो, वहीत नोंदी करत होतो. दोनदा बटण फिरवून ती म्हणाली, "हे बरंय. मघाचं पोकळ वाटत होतं." आणि दूध उतू जाईल म्हणून निघून गेली. माझ्या नोंदी अजून चालू होत्या. शेवटी त्याच निष्कर्षावर आल्या.

मग घर बोलू लागलं. ३० पासून १०० पर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावला, की कोणती वस्तू कुठं थरथरते याची हजेरी घेता येते. ४३ ला शोकेसची काच. ५१ ला भिंतीवरचा आजोबांचा फोटो. ५८ ला मांडणीवरची पातेली, सगळी एकदम. ६३ ला मला निरोप समारंभात मिळालेली ट्रॉफी, जी एरवी कधीच कशानं हललेली नाही. काचेला फेल्टच्या पट्ट्या लावल्या, फोटोमागं रबराच्या टिकल्या, पातेल्यांच्या मध्ये जुनी फडकी. ट्रॉफी कपाटात गेली.

शेवटी आवाजाची कळ. इथं बहुतेकांचं गणित चुकतं, कारण पैसे घातलेले असतात आणि ते ऐकू यावेत असं वाटतं. घरी येणारा प्रत्येकजण म्हणायचा, जरा वाढवा की. मी मात्र रोज थोडा थोडा कमी करत गेलो. तो वाजतो आहे असं जाणवेनासं झालं आणि तरी बंद करताच पखवाजवाला बैठकीतून उठून ट्रान्झिस्टरमध्ये जाऊन बसल्यासारखं वाटू लागलं, तिथं कळ सोडली. चालू असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसला की सगळ्यांना चुकल्यासारखं वाटतं: सब बरोबर बसला, याची एवढीच परीक्षा. या परीक्षेला आपण स्वतः बसलो तर किती मार्क पडतील, हा विचार मी फार वेळ केला नाही.

मिरवणुकीतला बेस आणि हा बेस यांत फरक काय, याचं एक उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती ज्या 'ए' मापानं मोजतात, ते कानाच्या सवयीवर बेतलेलं आहे. हळू आवाजात कान खालच्या स्वरांना फार मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं. जुन्या डेकवरचं लाउडनेसचं बटण त्यासाठीच असायचं. म्हणून हे माप ५० हर्ट्झच्या आवाजातून सरळ ३० डेसिबल वजा करतं. कानाला दिलेली ही सवलत बरगड्यांना मिळत नाही, भिंतींना मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना तर नाहीच.

आमच्या आईचं वय झालं आहे. कानानं कमी ऐकते, पण सब तिला माझ्याआधी कळतो. एकदा टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला होता, कुठंतरी तोफ धडाडली, आणि आतल्या खोलीतून आई काठी न घेताच बाहेर आली. "जमीन बोलायलीय का रं?" ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आमच्या भागातल्या त्या पिढीच्या अंगात अजून आहे. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण त्या पहाटे बीडमध्येही माणसं अंथरुणातून उठून अंगणात आली होती. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं होतं. आधी तो खालचा घुमारा आला आणि मग भांडी वाजली, असं आई सांगते. अमेरिकेत १९७४ मध्ये 'अर्थक्वेक' नावाच्या सिनेमासाठी थिएटरांत मोठमोठे स्पीकर लावून भूकंपाचा घुमारा काढला होता, आणि लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात वरून प्लास्टर पडू नये म्हणून छताखाली जाळी बांधावी लागली. लोकांनी तिकीट काढून तो अनुभव घेतला. आमच्याकडं तो फुकट मिळालेला आहे, आणि पुन्हा नको आहे. त्या तोफेपासून सिनेमा लागला की सबचं बटण मी स्वतः उठून बंद करतो. पखवाजाला आईची हरकत नाही. पखवाज लागला की ती पलंगावर बसून मांडीवर ठेका धरते, आणि तिचा डावा हात माझ्या डब्यापेक्षा वेळेवर पडतो.

परवा भाचा आला. त्यानं डब्याभोवती एक चक्कर मारली, टिचकी मारून प्लाय पाहिला.

"मामा, गणपतीला हा बफर द्या ना मंडळाला. बेस कमी पडायलाय."

मी त्याला नीट समजावलं. हा डबा या खोलीच्या मापाचा आहे. इथं चार भिंती त्याला हात देतात. रस्त्यावर ठेवलात, तर भिंती गेल्या, छत गेलं. पुढं चाललेल्या हलगीवाल्याला हा चालू आहे की बंद, हेही कळणार नाही.

भाच्यानं ते मन लावून ऐकलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "म्हंजी ह्याचा आवाज घराबाहेर जातच न्हाई?"

"नाही जात."

"शेजाऱ्यांना पण न्हाई?"

"बहुतेक नाही."

"मग मामा, तुम्ही बेस वाढवलाय हे लोकांला कळायचं कसं?"

गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, पण इतका मुद्द्याचा प्रश्न वर्गात मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, चहा घे, तुला आज बसून पखवाज ऐकवतो. तो ऐकायला बसलासुद्धा. पाच मिनिटांनी त्यानं हळूच वाकून सबच्या कोनाला बोट लावून पाहिलं, कोन हलत होता. "चालू आहे की!" तो दचकून म्हणाला.

एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला त्या ट्रॉफीबरोबरही मिळालं नव्हतं.